मागच्या रांगेत उजवीकडून तिसरा

पणजोबांना लोक काजळी म्हणत, आजोबांना खरखर आणि वडिलांना मुंग्या. ही नावे जन्माच्या दाखल्यावर नव्हती. धंद्याने चिकटवली होती. काजळी कंदिलांच्या काचा बसवून देई. खरखर रेडिओ दुरुस्त करी. मुंग्याकडे टीव्ही येत, आणि त्या काळच्या टीव्हीत चित्राऐवजी मुंग्याच जास्त दिसत. चौथा तो, ज्याची ही गोष्ट. कानामागे सदैव टेस्टर खोचलेला असे, म्हणून टेस्टर.

चारही पिढ्या आमच्या घरासमोरच्या एका अरुंद दुकानात बसल्या. उजेडाची नवी तऱ्हा आली की बापाची हत्यारे माळ्यावर जात आणि मुलगा नवी शिके. माळ्यावर गेला नाही तो फक्त घरचा नियम: उजेड बेताचा ठेवायचा. काजळी गिऱ्हाइकाला कंदील परत देताना वात हळूच एक वेढा खाली करून देई. खरखर रेडिओ मोठ्याने लावू देत नसे. मुंग्या आणि टेस्टर टीव्हीचे मागचे झाकण उघडले की आतला एक छोटा पेच किंचित मागे फिरवीत. त्याने चित्राचा उजेड उतरतो आणि पिक्चर ट्यूब चार वर्षे अधिक चालते. याचे ते वेगळे पैसे घेत नसत, सांगतही नसत. गिऱ्हाइकाची वस्तू टिकावी, एवढाच हेतू. माझ्या सासूबाईंचा कंदील सत्तावीस वर्षे टिकला, तो या नियमानेच.

टेस्टरच्या या गोष्टीत मीही आहे, आणि माझी बाजू शोभेची नाही. तरीही ती मीच सांगणे योग्य.

मला दोन मुलगे. थोरला हिशेबी निघाला. त्याची काळजी कधी करावी लागली नाही. धाकटा हळवा होता. त्याने व्हायोलिन वाजवावे हे त्याने नव्हे, मी ठरवले. बारा वर्षे रोज पहाटे मी त्याच्या खोलीच्या दाराशी उभी राहून वेळ मोजली. बारा वर्षांनी त्याला मोठ्या शहरात धाडले. तिथल्या टीव्ही केंद्राच्या वाद्यवृंदात त्याने जागा मिळवावी, असे मी सांगितले होते. माझ्या सांगण्याला या घरात विनंतीचे रूप कधीच नसे.

टेस्टर आणि धाकटा एका वयाचे, शाळेत एका बाकावरचे. सुटीच्या दिवशी धाकटा दुकानातल्या स्टुलावर बसे आणि टेस्टरला तारा सोलून देई. त्या बोटांना जपायला हवे म्हणून मी ते बंद केले.

तो शहरात गेल्यावर सव्वा वर्षाने त्याचे पत्र आले. मला वाद्यवृंदात घेतले आहे. येत्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता कार्यक्रम लागेल. मी मागच्या रांगेत आहे, उजवीकडून तिसरा. दिग्दर्शकाने उजेड फक्त गाणाऱ्या बाईंवर ठेवला आहे, मागे अंधार आहे, तेव्हा नीट बघा.

मी ते पत्र जिन्यात उभी राहून तीन मजल्यांना वाचून दाखवले.

आमचा टीव्ही रस्त्यावरचा सर्वांत मोठा होता, पण त्याची ट्यूब थकली होती. गुरुवारी मी टेस्टरला बोलावले. त्याने झाकण काढले, धूळ झटकली, एक जोड पक्का केला, आणि हात आत होताच तेव्हा सवयीने तो पेच थोडा मागे घेतला. ट्यूब जुनी म्हणून नेहमीपेक्षा थोडा जास्तच. चित्र छान दिसत होते. दुपारच्या बातम्यांत काळोख कुठे असतो?

रविवारी मी चाळीस माणसे बोलावली. शेजाऱ्यांकडून खुर्च्या आणल्या. टेस्टरला पुढे बसवले, कारण मित्र आणि कारागीर या दोन्ही नात्यांनी त्याचा मान होता. पाच वाजता कार्यक्रम सुरू झाला. गाणाऱ्या बाई दिसल्या, त्यांच्या अंगावरचा शालूसुद्धा उठून दिसला. त्यांच्या मागे मात्र काही नव्हते. डांबर ओतल्यासारखा काळा पडदा, आणि त्यातून वीस-बावीस वाद्यांचा आवाज येत होता.

"कुठे आहे?" मी विचारले.

माणसे पडद्याजवळ सरकली. टेस्टरच्या तेवढ्यात ध्यानात आले. तो उठला, टीव्हीच्या मागे गेला, घाईघाईने स्क्रू काढू लागला. एक स्क्रू अडला. कुणीतरी टॉर्च धरला. झाकण निघाले, पेच फिरला, चित्र एकदम फिकट उजळ झाले, आणि नेमके त्याच वेळी पडद्यावर गाणाऱ्या बाईंचा नुसता चेहरा आला आणि कार्यक्रम संपला.

मी उठून उभी राहिले. जे बोलले ते मला शब्दन् शब्द आठवते, कारण पुढे तेहतीस वर्षे ते रस्त्यालाही आठवत राहिले. "माझ्या मुलाच्या तोंडाला तू काळं फासलंस. पुन्हा या घराची पायरी चढू नकोस."

तो हातातले स्क्रू तेवढे टेबलावर नीट ओळीने ठेवून गेला.

मी बोलले की ते पुसायची सोय या घरात नव्हती. रस्त्यावर त्याच्या दुकानाला अंधाराचे दुकान म्हणू लागले. मुले त्याच्या दारावरून जाताना डोळे मिटून चाचपडत चालत आणि खिदळत. चांगले, महागाचे सेट चौकातल्या दुसऱ्या दुकानात जाऊ लागले. याच्याकडे गरिबाघरचे आणि मोडीत निघालेले तेवढे उरले. बाहेरगावचे कुणी त्याच्याविषयी विचारी, तेव्हा लोक म्हणत, "हात चांगला आहे हो, पण त्या वरच्या बाईंच्या मुलाचं केलंन ना त्यानं!" तो हे ऐके आणि मान खाली घालून तारांना कथलाचे डाग लावत राही. स्वतःची बाजू त्याने कधी मांडली नाही. त्याच्या मते त्याला बाजूच नव्हती.

धाकटा दोन वर्षांनी तिथेच गेला. फुप्फुसाचा आजार, आठ दिवसांचे अंथरूण. त्याची ट्रंक घरी आली, तीत व्हायोलिन नव्हते. वाटेत गेले असेल असे मी ठरवले. त्याचा तो एकमेव कार्यक्रम मी पाहू शकले नाही, ही गोष्ट त्यानंतर दगडासारखी झाली. माझे यजमान गेले, थोरला दूर देशी स्थायिक झाला, तीन मजले हळूहळू भाडेकरूंचे झाले, आणि मी मधल्या मजल्यावर तीन खोल्यांत एकटी राहू लागले. थोरला येत नाही. त्याच्या वस्तू येतात.

या वर्षी आली ती वस्तू म्हणजे टीव्ही. दाराएवढे खोके चार जणांनी आडवे धरून जिन्यातून आणले. सोबत थोरल्याची मुलगी, माझी नात. ती वर्षातून दोनदा दहा-बारा दिवस येते आणि माझी औषधे पाहून रागावून जाते.

रस्ता गोळा झालाच. खालच्या मजल्यावरची शिवणकाम करणारी वर येऊन म्हणाली, "अगंबाई, केवढा हा! यात बातम्या सांगणारी माणसं पायांसकट दिसायची."

"बूट पुसून आले तर येऊ दे," मी म्हटले.

माणसांनी वीस मिनिटांत तो भिंतीला टांगला. बाजूने पाहिला तर शाळेच्या पाटीएवढा जाड. मी नातीला विचारले, "याच्या पोटात काही आहे की नुसता चेहराच?"

"आजी, आपल्या आधीच्या टीव्हीत पडद्याच्या मागे दिवे असायचे," ती म्हणाली. "ते सारखे जळायचे, म्हणून काळा रंगसुद्धा राखाडी दिसायचा. यात मागे दिवे नाहीतच. प्रत्येक ठिपका आपला आपण पेटतो, आपला आपण विझतो. कुणावर अवलंबून नाही."

"म्हणजे आपल्या घरासारखंच झालं."

ती हसली नाही. हसायला हवे होते. मी विनोद केला होता.

तिने पडदे ओढले आणि टीव्ही लावला. मी बराच वेळ वाट पाहून म्हटले, "लागत नाही वाटतं."

"लागलाय. काळोख दाखवतोय."

मग त्या काळोखात एका कडेला एक काजवा पेटला, आणि बाकी सारे तसेच काळे राहिले. त्याच्या उजेडाने शेजारचे काही उजळले नाही. मला ते आवडले नाही, पण नजरही काढवेना.

दुसऱ्या दिवशी नात लांब वायर आणायला समोरच्या दुकानात गेली. तिला जुने काही ठाऊक नव्हते. असते तरी ती गेली असती. परतली ती अर्ध्या तासाने, आणि आल्या आल्या माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"आजी, ते टेस्टरकाका कोण आहेत?"

"दुकानदार."

"त्यांनी वायरचे पैसे घेतले नाहीत. निरोप दिलाय तुला. म्हणाले, काकूंना सांग, तो जुना कार्यक्रम केंद्रानं परत काढलाय. मूळ फिल्म धुऊन, साफ करून. मी त्यांना अकरा पत्रं लिहिली तेव्हा काढला. आमच्याकडच्या पडद्यांवर मी बघून बघून थकलो, मागची रांग राखेत बुडल्यासारखी दिसते. पण तुमच्याकडे आता हा आलाय, यात अंधारातलं दिसेल. मला वर यायचं नाही. काकूंनी तेवढं एकदा बघून घ्यावं." ती थांबली. "आजी, काय आहे हे सगळं?"

मी तिला सांगितले. जसे वर लिहिले तसेच, फक्त त्या वेळी त्यात माझी चूक नव्हती.

ती म्हणाली, "त्यांचं सगळं काम त्या मागच्या दिव्यांचं आहे, माहितीये? जळलेल्या पट्ट्या बदलतात ते. हे नवे टीव्ही सगळीकडे आले की काय करणार ते? रस्त्यावर खोकं आलं तेव्हा सगळ्यात खूश मात्र तेच होते."

त्याच दुपारी आम्ही पडदे ओढून बसलो. नातीने तो कार्यक्रम शोधला. मी चष्मा पुसला, ठेवला, पुन्हा पुसला.

गाणाऱ्या बाई आल्या. आणि त्यांच्या मागे, जिथे तेहतीस वर्षे डांबर होते तिथे, माणसे होती. काळ्या पडद्यापुढे काळ्या कोटातली माणसे. कोटाच्या बाहीवरची घडी दिसत होती. एकाच्या हनुवटीखाली व्हायोलिनच्या टेकणाने पडलेला वळ दिसत होता. मी उजवीकडून मोजले. पहिला, कोवळा, भांग पाडलेला. दुसरा, उंच, मान वाकडी. तिसरा.

तिसरा एक लठ्ठ गृहस्थ होता. वय पन्नाशीचे, दुहेरी हनुवटी, नाकावर घसरलेला चष्मा. पान उलटण्यापूर्वी ओठ चाटण्याची त्याला सवय होती.

"थांबव," मी म्हटले.

चित्र थांबले. नातीने भिंतीवरच्या फोटोकडे पाहिले आणि पडद्याकडे. "आजी, उजवीकडून म्हणजे त्यांच्या उजव्या हाताकडून असेल."

त्या बाजूने मोजले. तिसरी एक बाई होती.

आम्ही सगळी रांग पाहिली. मग पुढची. बावीस माणसे, बावीस चेहरे, एकही झाकलेला नाही. शेवटी वादकांची नावे वर सरकली. त्या रविवारी ती सरकली तेव्हा मी ओरडत होते. नातीने ती थांबवून एकेक वाचली. त्याचे नाव नव्हते.

"दुसरा कुठला कार्यक्रम असेल," ती हळूच म्हणाली.

"हाच."

धाकट्याने जागा नीट निवडली होती, हे मला तेव्हा कळले. आमच्या टीव्हीची ट्यूब थकली आहे हे त्याला माहीत होते, टेस्टरच्या घरची सवयही माहीत होती. तारा सोलत त्याने ती शंभरदा पाहिली होती. चाळीस माणसे मला विचारणार आणि मी म्हणणार, तिथे अंधारात आहे तो. एवढीच त्याची अपेक्षा असावी. मी टेस्टरवर उलटेन हे काही त्याच्या मनात आले नसेल. पुढच्या दोन वर्षांत, टेस्टरने दुकानातून त्याला क्षमा मागणारे पत्र धाडले असेल का, आणि धाडले असल्यास त्याने ते हातात धरून काय केले असेल, हा विचार मी फार लवकर बाजूला सारला.

कारण आणखी एक पत्र होते, जे मी जिन्यात वाचून दाखवले नव्हते. पहिल्याच वर्षी त्याने लिहिले होते, मला जमत नाही, परत येऊ का? मी उत्तर एका ओळीचे दिले होते. जमेपर्यंत घरी येऊ नकोस.

दुसऱ्या दिवशी नात म्हणाली, "मी खाली चाललेय. टेस्टरकाका विचारतील, दिसला का म्हणून. काय सांगू?"

"सांग, दिसला."

"आजी."

"दिसला म्हणून सांग. छान दिसला."

ती गेली. परत आली तेव्हा तिचा चेहरा मला पाहवेना.

"काय म्हणाले?"

"आधी स्टुलावर बसले. मग म्हणाले, म्हणजे होता तो तिथे. मग मीच घालवला." तिने चप्पल काढून भिंतीशी आपटली. "इतकी वर्षं त्यांना थोडी आशा होती, आजी, की कदाचित फिल्ममध्येच काळोख असेल. ती तू काढून घेतलीस. आणि आता ते विचारताहेत, एकदाच वर येऊन बघू का?"

नाही म्हणायला कारण लागते, आणि माझ्याकडची सर्व कारणे तेहतीस वर्षांपूर्वी वापरून झाली होती. उद्या चारला येऊ दे, असे मी सांगितले.

तो आला. इस्त्रीचा शर्ट, केस पांढरे, कानामागे काही नाही. उंबऱ्याशी थांबला.

"ये," मी म्हटले. "गुडघे बरे आहेत ना?"

"तुमच्यापेक्षा बरे आहेत, काकू. तुम्हाला तीस पायऱ्या आहेत, मला अर्धी."

तो आधी टीव्हीच्या बाजूला गेला आणि डॉक्टर जसा नाडी धरतो तशी त्याने दोन बोटे कडेवर ठेवली. मागे डोकावला.

"इथं माझं काम संपलं," तो म्हणाला. "उघडायला जागाच नाही ठेवलेली."

"मग करशील काय?"

"जुने आहेत की अजून घरोघरी. माझ्याएवढे टिकतील."

नातीने कार्यक्रम लावला. मी टीव्हीकडे पाहिले नाही, त्याच्याकडे पाहिले. तो गुडघ्यांवर हात ठेवून पुढे झुकला. उजवीकडून मोजताना त्याचे ओठ हलले. एक. दोन. मग थांबले. त्याने रांग दोन्हीकडून पाहिली, मागची, पुढची, माझ्याहून पुष्कळ झपाट्याने. चित्र पाहणे हा त्याचा धंदा. त्याचे खांदे एकदम सैल झाले, जसे ओझे उतरलेल्या माणसाचे होतात. आणि मग त्याने माझ्याकडे पाहिले, आणि ते खांदे त्याने पुन्हा आपणहून वर घेतले.

"दिसला हो," तो म्हणाला. "उजवीकडून तिसरा. तोच. बारीक झालाय जरा."

पडद्यावर तो लठ्ठ गृहस्थ ओठ चाटत होता. वजन नव्वद किलोच्या खाली नसावे.

"तुला नक्की तो वाटतो?"

"सहा वर्षं एका बाकावर बसलोय, काकू. चुकेन का?" तो उठला. "छान दिसला. बघायला मिळाला तुम्हाला, बास. चूक माझीच होती ती."

त्या क्षणी मला बोलता आले असते. नात दाराच्या चौकटीला टेकून माझ्याकडे रोखून पाहत होती. मी म्हटले, "चहा घेऊन जा." तो म्हणाला, दुकान उघडे टाकून आलोय, आणि गेला.

पुढचे तीन दिवस मी नातीशी बोलले नाही आणि तिने माझ्याशी बोलण्याचा प्रयत्न केला नाही. दुपारी ती बाहेर जाई, तेव्हा मी तो कार्यक्रम लावी. लावायला मी शिकले. त्या लठ्ठ गृहस्थाची मला सवय झाली. दुसऱ्या कडव्याला त्याचा चष्मा घसरतो आणि खांद्याने तो वर ढकलतो, हे मला पाठ झाले. घरात दुसरे माणूस नव्हते. त्या रविवारी पाच वाजता धाकटा कुठल्या खोलीत बसला असेल, तिथे टीव्ही असेल का, चाळीस माणसे आपल्याला शोधताहेत हे मनात येऊन त्याने खिडकी लावून घेतली असेल का, हे मी त्या गृहस्थाला विचारले. तो वाजवत राहिला.

टेस्टरला खरे ठरवायचे तर धाकट्याला खोटे ठरवावे लागणार होते, आणि त्याचे खोटे सांगायचे तर ते कुणाच्या धाकाने लिहिले हेही सांगावे लागणार होते. मेलेल्या मुलाच्या वाट्याला एवढी एकच गोष्ट उरली होती: तो एकदा टीव्हीवर आला होता. रस्ता ती अजून सांगतो. ती मी पुसू? न पुसावी तर समोरच्या दुकानात एक माणूस माझ्या मुलाचे खोटे आणि माझे खोटे, दोन्ही स्वतःच्या अंगावर घेऊन बसला होता, आणि आता त्याला ते माहीतही होते.

शुक्रवारी सकाळी मी नातीला हाक मारली. "रविवारी पाच वाजता माणसं बोलाव. तेव्हाची जी आहेत ती सगळी. नसतील त्यांची मुलं. चाळीसहून एक कमी चालणार नाही."

"कशाला?"

"सांगेन तेव्हा कळेल."

तिला कळले होते. ती माझ्याजवळ येऊन बसली. "आजी, नुसतं त्यांना एकट्याला बोलावून सांग ना. काकाचं नाव कशाला सगळ्यांसमोर..."

"बोलले ते सगळ्यांसमोर बोलले."

रविवारी साडेचारपासून माणसे यायला लागली. तेव्हाच्या चाळिसांतली नऊ उरली होती. त्यांत निवृत्त पोस्टमन होता, ज्याने ते पत्र आणले होते, तो काठी टेकत आला आणि शिवणकाम करणारीला म्हणाला, "सरक. मी पुढेच बसणार. मागच्या वेळी मला खांब आड आला होता."

"खांब नव्हे, तुमचा डोळा लागला होता," ती म्हणाली. "माझ्या आईनं पाहिलं होतं."

मी मोजले. अडतीस. नातीने वरच्या मजल्यावरची दोन माणसे बोलावून आणली. टेस्टर शेवटी आला आणि दाराजवळ उभा राहिला. त्याने नातीकडे पाहून मान हलवली, म्हणजे नको. तिने न पाहिल्यासारखे केले.

पाच वाजता कार्यक्रम लागला. लोक कुजबुजले. मागची रांग पूर्ण दिसली तिथे मी चित्र थांबवले आणि उभी राहिले. उभे राहायला मला आता वेळ लागतो. कुणी हात पुढे केला तो मी घेतला नाही.

"उजवीकडून तिसरा बघा," मी म्हटले. "हा माझा मुलगा नाही. माझा मुलगा या चित्रात नाही. कुठल्याच रांगेत नाही. त्याला तिथे घेतलंच नव्हतं."

पोस्टमन म्हणाला, "पण बाई, पत्रात तर..."

"पत्र खोटं होतं. खरं पत्र त्याच्या आधी आलं होतं, तेही तुम्हीच आणलं होतंत. त्यात त्यानं घरी येऊ का विचारलं होतं, आणि मी त्याला येऊ नकोस म्हणून कळवलं. नंतर त्यानं लिहिलं ते मला हवं होतं म्हणून लिहिलं. त्यात त्याला कुणी काही बोलायचं नाही. बोलायचं तर मला."

 मी दाराकडे वळले.

"टेस्टर, पुढे ये."

"काकू, राहू द्या ना. झालं ते झालं."

"पुढे ये म्हणाले. सगळ्यांना दिसशील असा उभा राहा."

तो आला आणि टीव्हीच्या उजेडात उभा राहिला.

"याच खोलीत, एवढ्याच माणसांत मी याला म्हटलं की यानं माझ्या मुलाच्या तोंडाला काळं फासलं. ते खोटं होतं. यानं पेच फिरवला तो याच्या घरच्या रीतीनं, माझाच टीव्ही टिकावा म्हणून. त्या काळोखात झाकायला काही नव्हतंच. याची चूक नव्हती, तेव्हाही नाही आणि पुढे तेहतीस वर्षं तुम्ही सगळे जे म्हणत आलात त्यातही नाही. ते तुम्ही माझ्यामुळे म्हणालात." मी पडद्यावरच्या त्या लठ्ठ गृहस्थाकडे एकदा पाहिले. "परवा यानं इथे बसून पाहिलं, याला सगळं समजलं, आणि मला वाईट वाटू नये म्हणून हा म्हणाला, दिसला. तेव्हाही मी गप्प बसले. मी चुकले. तेव्हा चुकले, आणि परवाही."

 शिवणकाम करणारीने डोळे पुसले. पोस्टमनने काठी दोन्ही हातांनी धरली होती.

मी टेस्टरला विचारले, "काही राहिलं का सांगायचं? राहिलं असेल तर आत्ता सांग. ही सगळी बसली आहेत तोवर."

 दुरुस्त केलेली वस्तू परत देण्यापूर्वी तो जशी एकदा शेवटपर्यंत तपासतो, तसा तो मनाशी सगळे पुन्हा पाहत असावा. मग त्याने माझ्याकडे पाहिले.

"नाही, काकू," तो म्हणाला. "सगळं आलं."